संघाची दीक्षा

विद्यार्थिदशेत एखाद्या संघाचे सभासदत्व स्वीकारणे किती दूरवर नेऊ शकते, याचे बोलके उदाहरण वाराणसीत आढळते. ॲनी बेझंट यांनी १८९८ मध्ये तेथे सेंट्रल हिंदू कॉलेज स्थापन केले. त्याचे प्राचार्य जॉर्ज अरुंडेल यांनी जानेवारी १९११ मध्ये ‘ऑर्डर ऑफ द रायझिंग सन’ हा संघ काढला. लवकरच त्याचे ‘ऑर्डर ऑफ द स्टार इन द ईस्ट’मध्ये रूपांतर झाले. जगद्गुरूच्या आगमनावर श्रद्धा आणि सहा तत्त्वांचा स्वीकार, एवढ्यावर त्यात प्रवेश मिळे. रुपेरी तारा ही सभासदाची खूण होती. २८ डिसेंबर १९११ रोजी सोळा वर्षांच्या जे. कृष्णमूर्तींनी नव्या सभासदांना प्रमाणपत्रे दिली, तेव्हा अनेकांनी त्यांच्या चरणी मस्तक ठेवले.

विद्यामंदिरात अशा निष्ठेला स्थान मिळावे, हे कॉलेजच्या उभारणीतील सहकारी भगवान दास यांना पटले नाही. वाद विकोपाला गेला आणि १९१३ मध्ये अरुंडेल व त्यांचे काही सहकारी कॉलेज सोडून गेले. पुढे १९२९ मध्ये हॉलंडमधील ओमेन येथे स्वतः कृष्णमूर्तींनीच संघ विसर्जित केला. सत्याकडे कोणतीही संघटना नेऊ शकत नाही, अशी त्यांची धारणा झाली होती. नवागताला ध्येय समजावून देणे निराळे आणि त्याची विचारशक्ती बांधून टाकणे निराळे, हा भेद या अठरा वर्षांच्या इतिहासातून स्पष्ट होतो.