शेंगदाणे कुरकुरीत तळताना



बरीच वर्षे माझे तळलेले शेंगदाणे वरून करपलेले आणि आतून कच्चट होत. चूक एकच होती. मी ते कडकडीत तेलात टाकत असे. तेल फार तापले की साल लगेच काळे पडते, पण दाण्यातला ओलावा आतच राहतो. तो निघून गेला तरच दाणा कुरकुरीत होतो.

आता मी गार तेलातच दाणे घालते, बुडतील इतक्या तेलात. मग मंद आचेवर कढई ठेवून झाऱ्याने सतत हलवते. सुरुवातीला येणारे बुडबुडे ओलाव्याच्या वाफेचे असतात. ते ओसरले की एक दाणा फोडून पाहावा. आतून फिकट सोनेरी दिसताच सगळे काढावेत, कारण कढईबाहेरही गरम दाण्याचा रंग चढत राहतो. तेव्हा ते मऊ लागतात. गार झाल्यावर कुरकुरीत होतात. परातीत कागदावर पसरून कोमट असतानाच मीठ लावावे. पूर्ण गार झाल्यावरच हवाबंद डब्यात भरावेत, नाहीतर सादळतात.

सर्वांत महत्त्वाचे, तळण्याआधी दाणे निवडावेत. बुरशी लागलेले, काळे, सुरकुतलेले दाणे ‘तळल्यावर चालतील’ म्हणून मीही पूर्वी वापरत असे. पण शेंगदाण्यावरील काही बुरशींपासून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. ते यकृताला घातक असते आणि तळल्याने पूर्ण नाहीसे होत नाही. असे दाणे सरळ टाकून द्यावेत. मूठभर दाण्यांपेक्षा आपली मुले मोलाची आहेत.