झेंडू, साखरेची कवटी आणि एका सणाची शाळा

सुकत आलेलं झेंडूचं फूल घ्या आणि त्यातली एक पाकळी ओढून काढा. तिच्या टोकाला काळी, बारीक काडी दिसेल. ते बी. आता जरा थांबा आणि विचार करा: पाकळीला बी कसं असेल? बी फुलाला धरतं. म्हणजे आपण जिला पाकळी समजत होतो, ते एक अख्खं फूल आहे! झेंडूचा एक गोंडा म्हणजे दाटीवाटीनं राहणाऱ्या फुलांची वस्ती.

दुसरं आश्चर्य त्याहून मोठं. हे फूल मूळचं आपलं नाहीच. ते मेक्सिकोचं. सोळाव्या शतकात पोर्तुगीज जहाजांबरोबर ते हिंदुस्थानात उतरलं असं मानतात. त्याआधीचा दसरा डोळ्यांसमोर आणून पाहा. दाराला तोरण आहे, पण त्यात झेंडू नाही!

झेंडूच्या माहेरी त्याला 'सेम्पासुचिल' म्हणतात आणि तिथे त्याच्याकडे फार नाजूक काम आहे. १ आणि २ नोव्हेंबरला मेक्सिकोत 'दिया दे लोस मुएर्तोस' म्हणजे मृतांचा सण असतो. गेलेली माणसं या दिवसांत घरी भेटीला येतात, अशी श्रद्धा. पण इतक्या लांबून येणाऱ्यांना घर सापडणार कसं? झेंडूच्या भगव्या रंगानं आणि उग्र वासानं. म्हणून पाकळ्यांची वाट उंबऱ्यापासून थेट गेलेल्यांच्या फोटोपर्यंत घालतात. स्पॅनिश लोक येण्याआधीचे तिथले विधी आणि त्यांनी आणलेले ख्रिस्ती सण यांच्या मिश्रणातून हा सण घडला. २००८ मध्ये युनेस्कोनं त्याला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिलं.

आज अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसमध्येही हा सण भर रस्त्यात, ढोल-नगाऱ्यांच्या गजरात साजरा होतो. तो तिथे शतकानुशतकं असाच चालत आला असेल, असं कुणालाही वाटेल. हे शहर १७८१ मध्ये स्पॅनिश अमलाखाली वसलं, पुढे मेक्सिकोत गेलं आणि १८४८ च्या तहानं अमेरिकेचं झालं. पण रस्त्यावरच्या या सणाचं तिथलं वय आहे जेमतेम पन्नासेक वर्षं! मधल्या काळात तो गेला कुठे होता?

घरात होता. एखाद्या आजीच्या कोनाड्यात, फोटोसमोरच्या मेणबत्तीत, कबरीवर ठेवलेल्या फुलांत. बाहेर त्याला जागा नव्हती. कॅलिफोर्नियात कित्येक ठिकाणी मेक्सिकन वंशाच्या मुलांना वेगळ्या शाळेत घालत. ही पद्धत बेकायदा ठरायला १९४७ साल उजाडावं लागलं. त्यानंतरही वर्गात स्पॅनिश बोललं म्हणून मुलांना शिक्षा होत असे. मग मार्च १९६८ मध्ये पूर्व लॉस एंजेलिसमधली हजारो मुलं शाळांतून उठून बाहेर पडली. त्यांच्या पाठीशी साल कास्त्रो नावाचे शिक्षक उभे होते. मुलांच्या मागण्यांमध्ये एक होती, आम्हाला आमचा इतिहास शिकवा. अभ्यास हवा म्हणून वर्गाबाहेर पडलेली मुलं! २९ ऑगस्ट १९७० ला याच भागात व्हिएतनाम युद्धाविरोधात प्रचंड मोर्चा निघाला. पोलिसांनी तो उधळला. त्या दिवशी पत्रकार रूबेन सालासार अश्रुधुराच्या नळकांड्याच्या आघातानं मारले गेले. ही पिढी स्वतःला 'चिकानो' म्हणवू लागली. तिच्याकडे आता राग होता, दुःख होतं आणि दोन्ही मांडायला जागा मात्र नव्हती.

त्याच १९७० मध्ये, त्याच वस्तीत, एका गॅरेजमध्ये छपाई सुरू झाली. ती करत होते कॅरन बोकालेरो नावाच्या फ्रान्सिस्कन जोगीण आणि कार्लोस ब्वेनो व अंतोनियो इबान्येस हे मेक्सिकोहून आलेले दोन चित्रकार. त्यातून 'सेल्फ हेल्प ग्राफिक्स' ही संस्था उभी राहिली. चित्रकलेचे इतके प्रकार असताना यांनी छपाईच का निवडली असेल?

उत्तर साधं आहे. एक तैलचित्र एकाच भिंतीवर टांगता येतं. एका छापाच्या शंभर प्रती शंभर घरांत जातात. आणि जाळीच्या छपाईला ना मोठं यंत्र लागतं, ना फार पैसा. चौकटीवर बारीक विणीचं कापड ताणायचं, नको तिथली छिद्रं बुजवायची, वर शाई ओतायची आणि रबरी पट्टीनं ती एका दमात ओढायची. आपण छापाच्या जाळीतून रांगोळी गाळतो, तसंच हे. फरक इतकाच की इथे प्रत्येक रंगाला वेगळी जाळी लागते आणि सगळे रंग एकमेकांवर केसभरही न हलता बसवावे लागतात. लाल जरा सरकला की ओठ गालावर जातात!

ब्वेनो आणि इबान्येस यांना मेक्सिकोतला मृतांचा सण ठाऊक होता. तो इथे सगळ्यांनी मिळून, उघड्यावर साजरा करायचा असं या मंडळींनी ठरवलं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला एव्हरग्रीन या जुन्या दफनभूमीपासून मिरवणूक निघाली. कवटीचे मुखवटे घातलेली माणसं, हातात फुलं, खांद्यावर कागदी सांगाडे. त्याच सुमाराला, १९७२ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोत 'गालेरिया दे ला रासा' या कलादालनानंही या सणाचं प्रदर्शन मांडलं.

पण एक मोठी अडचण होती. मिरवणुकीत सामील होणाऱ्या कित्येकांना हा सण करायचा कसा, तेच माहीत नव्हतं! गेलेल्यांच्या आठवणीची वेदी कशी मांडायची? कवटी कशाची करायची? मग सणाआधी कार्यशाळा भरू लागल्या. १९७५ मध्ये तर संस्थेनं एक गाडीच फिरत्या कलाशाळेसारखी सजवली आणि ती वस्तीतल्या शाळांच्या दारात नेऊन उभी केली. ज्या मुलांना शाळेत आपली भाषा बोलायची चोरी होती, त्यांच्या धाकट्या भावंडांसमोर आता आपली कला घेऊन गाडी आली होती.

अशा कार्यशाळेत मूल काय शिकतं? 'पापेल पिकादो' घ्या, म्हणजे नक्षी कोरलेल्या पतंगी कागदाच्या पताका. मेक्सिकोत पुएब्ला राज्यातलं उइश्कोलोत्ला हे गाव यासाठी प्रसिद्ध आहे. तिथले कारागीर चाळीस-पन्नास कागदांची चळत रचतात, वर नमुना ठेवतात आणि हातोडी-छिन्नीनं सगळे कागद एकदम कोरतात. छिन्नी, आणि तीही वाऱ्यानं उडेल अशा कागदावर! यातली खरी गंमत आहे ती भोकांची. इथे चित्र काढायचं म्हणजे कागद काढून टाकायचा. कवटीचा डोळा गोल कापला आणि आत बुबुळ ठेवायचं असेल, तर ते कुठेतरी बाकी कागदाला जोडलेलं राहायला हवं. नाहीतर बुबुळ थेट जमिनीवर. म्हणून नक्षीतली प्रत्येक वेल, प्रत्येक रेघ हा एक पूल असतो. आता छपाईच्या जाळीकडे वळा. तिथे मात्र बुबुळ अधांतरी राहू शकतं, कारण त्याला खालची वीण धरून ठेवते. कागदाची अडचण कापडानं सोडवली! या दोन्ही गोष्टी स्वतःच्या हातांनी करून पाहिलेल्या मुलाला ती युक्ती फळ्यावर समजावून सांगावी लागत नाही.

किंवा साखरेची कवटी घ्या. साखरेत अंड्याच्या पांढऱ्याची पूड आणि अगदी थोडं पाणी घालून ती ओल्या वाळूसारखी करायची, साच्यात दाबून भरायची, अलगद उलटी करायची आणि वाळत ठेवायची. ना आच, ना पाक. मग ती दगडासारखी कडक होते कशी? त्या थेंबभर पाण्यात प्रत्येक दाण्याचा पृष्ठभाग किंचित विरघळतो. पाणी उडून जातं तसे शेजारशेजारच्या दाण्यांमध्ये नवे स्फटिक तयार होतात आणि दाणे एकमेकांना घट्ट धरतात. मग रंगीत आयसिंगनं फुलं, वेली आणि कपाळावर नाव. बऱ्याचदा हे नाव जिवंत मित्राचं असतं! मृत्यूचा चेहरा मैत्रीची भेट म्हणून द्यायचा, आणि तोही गोड.

मिरवणुकीत दिसणारी टोपीवाली, नटलेली सांगाडाबाई कुठून आली? होसे ग्वादालुपे पोसादा या मेक्सिकन खोदचित्रकारानं १९१० च्या आसपास मोठ्या, फुलांच्या टोपीतली एक हसरी कवटी कोरली. स्वस्त कागदावर छापून रस्त्यात विकायचं चित्र ते. ऐटीत राहून मूळ विसरणाऱ्यांना त्यात कोपरखळी होती. १९१३ मध्ये पोसादा गरिबीतच गेला. १९४७ मध्ये दिएगो रिवेरानं आपल्या भव्य भित्तिचित्रात त्या कवटीला धड दिलं, झगा दिला आणि पोसादालाच तिच्या हातात हात घालून उभं केलं. चिकानो चित्रकारांनी तिला पुन्हा छापावर आणलं आणि तिथून ती पोरासोरांच्या रंगवलेल्या चेहऱ्यांवर आली. स्वस्त छापापासून निघालेली बाई भिंतीवरून फिरून पुन्हा छापापर्यंत पोहोचली.

आणि वेदी? ती शिकवणाऱ्यांत एक नाव आदरानं घेतलं जातं, ओफेलिया एस्पार्सा. १९३२ मध्ये पूर्व लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेल्या या बाई पेशानं शाळाशिक्षिका. वेदी मांडायला त्या आईकडून शिकल्या. पायऱ्यापायऱ्यांची मांडणी, दमून आलेल्यांसाठी पाणी, मीठ, मेणबत्त्या, कोपाल नावाचा धूप, गेलेल्याच्या आवडीचं खाणं आणि फोटो. घरातली ही रीत त्यांनी पुढे शेकडो अनोळखी लोकांना शिकवली. २०१८ मध्ये अमेरिकेचा लोककलेसाठीचा सर्वोच्च राष्ट्रीय सन्मान त्यांना मिळाला. कोनाड्यातल्या मेणबत्तीनं केवढा पल्ला गाठला!

वेदी मांडताना मुलाला एक प्रश्न विचारावाच लागतो: या फोटोतलं हे कोण? तिथून घराचा इतिहास सुरू होतो. कोण कुठल्या गावाहून आलं, कोणत्या शेतात राबलं, कशानं गेलं. सार्वजनिक वेद्यांवर तर एड्सनं गेलेल्यांची आठवण झाली, सीमेवरच्या वाळवंटात तहानेनं मेलेल्या स्थलांतरितांचीही. १९६८ ची मुलं जो अभ्यासक्रम मागत होती, तो हळूहळू या पायऱ्यांवर मांडला गेला.

सण रुजला याची एक भक्कम खूण २०१३ मध्ये दिसली. डिस्ने कंपनीनं आपल्या चित्रपटासाठी या सणाच्या नावाचीच व्यापारी नोंदणी करायचा अर्ज केला. असा गदारोळ उठला की कंपनीला अर्ज मागे घ्यावा लागला. व्यंगचित्रकार लालो अल्कारास यांनी सांगाडा झालेला महाकाय उंदीर रेखाटून विरोध केला होता. पुढे त्यांनाच सल्लागार म्हणून बोलावलं आणि २०१७ मध्ये 'कोको' पडद्यावर आला.

सगळ्यांत अजब वळण तर खुद्द मेक्सिकोत आलं. २०१५ च्या 'स्पेक्टर' या बॉण्डपटात मेक्सिको सिटीत या सणाची भव्य मिरवणूक दाखवली होती. तशी मिरवणूक तिथे कधी निघतच नव्हती! चित्रपट पाहून २०१६ पासून शहरानं ती खरोखर सुरू केली आणि आता ती पाहायला लाखो लोक जमतात.

मग अस्सल सण कोणता? उइश्कोलोत्लाचा, लॉस एंजेलिसचा की चित्रपटातून रस्त्यावर आलेला? मला वाटतं, वयावरून याचं उत्तर मिळणार नाही. एखादा सण हजार वर्षांचा असूनही, शिकवणारं कुणी उरलं नाही तर एका पिढीत संपतो. आणि पूर्व लॉस एंजेलिसनं दाखवून दिलं की एक गॅरेज, एक गाडी, पतंगी कागद, साखर आणि मुलांना शेजारी बसवून शिकवणारी मूठभर माणसं एवढ्या भांडवलावर तो एका पिढीत पुन्हा उभाही राहतो.