वरिष्ठाचा पाठीवरील हात

मनुष्य नोकरी करतो ती पगारासाठी, हे खरेच. परंतु तेवढ्याच पगारात तो एका कचेरीत जीव ओतून काम करतो आणि दुसरीत घड्याळाकडे पाहत दिवस ढकलतो, असे का व्हावे? याचे उत्तर पुष्कळदा त्याच्या वरिष्ठात सापडते.

या दृष्टीने कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांचे चरित्र पाहण्यासारखे आहे. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक होते. तेथे त्यांना डावलून बढती एका अँग्लो-इंडियन गृहस्थास मिळाली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. संस्था एका कर्तबगार माणसाला मुकली. पुढे बेळगावचा कारखाना हलविण्याची पाळी आली, त्या वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांच्यावर विश्वास टाकून कुंडल रोड स्थानकाजवळ माळरानाची जागा व कर्जाऊ रक्कम दिली. १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी वसली.

विश्वासाचे हेच भांडवल लक्ष्मणरावांनी आपल्या हाताखालच्या माणसांत गुंतविले. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर त्यांच्याकडे कल्पक यंत्रज्ञ म्हणून नावारूपास आले. दरोड्याची शिक्षा भोगलेला तुकाराम रामोशी वाडीचा भरवशाचा राखणदार झाला.

अमेरिकेत फ्रेडरिक हर्झबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे दोनशे इंजिनिअर व हिशेबनीस यांच्या मुलाखती घेऊन १९५९ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. अपुरा पगार व जाचक देखरेख यांनी माणूस नाराज होतो. पण ही नाराजी दूर झाली म्हणजे हुरूप आपोआप येतो असे नाही. हुरूप येतो तो केलेल्या कामाची दखल आणि अंगावर टाकलेली जबाबदारी यांनी, असा त्यांचा निष्कर्ष होता. या दोन्ही गोष्टी देणे बहुधा वरिष्ठाच्याच हाती असते.

वरिष्ठपण उपजत नसते, ते शिकावे लागते. आपल्या हैदराबादेत १९५६ साली स्थापन झालेले बेला व्हिस्टामधील अॅडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेज चालत्या नोकरीतील अधिकाऱ्यांना कारभाराचे शिक्षण देते, ते याच जाणिवेने.

पाठीवर हात ठेवणे म्हणजे चुकांवर पांघरूण घालणे नव्हे. काम स्पष्ट सांगावे व ते कशासाठी हेही सांगावे. चूक एकांतात दाखवावी, शाबासकी चारचौघांत द्यावी. हाताखालच्याने केलेले काम वर सांगताना त्याचे नाव घ्यावे आणि अडचणीच्या वेळी त्याच्या मागे उभे राहावे. यास पैसा लागत नाही. मन मात्र मोठे लागते.

आपल्या परिवारांत कोणी बँकेत अधिकारी आहेत, कोणी हायटेक सिटीत, तर कोणाच्या दुकानात दोनच नोकर आहेत. आपल्या मुलास पहिल्या नोकरीत जसा साहेब लाभावा असे आपणांस वाटते, तसेच आपण दुसऱ्याच्या मुलाशी वागावे. एवढे साधले तरी पुष्कळ झाले.