आमिषाचा पाक

मार्च संपत आला तरी आमच्या गल्लीत कडेकडेला बर्फ साचलेला होता. डेट्रॉइटच्या उत्तरेकडे, सेंट क्लेअर तलावाच्या काठी आम्ही राहतो. शेजारचे निवृत्त गृहस्थ मात्र गॅरेजचं दार सताड उघडं टाकून बसले होते. मी आत शिरलो आणि सवयीनं दार खाली ओढू लागलो. "राहू दे," ते मास्क खाली करून म्हणाले. "वास बाहेर जायला हवा. आणि तो कोट आधी झटकून ये."

कोटावर हिमकण होते. ते का नकोत, हे अर्ध्या तासानं कळलं.

बास मासा धरण्यासाठी ते घरीच मऊ प्लास्टिकच्या 'ट्यूब' बनवतात. ट्यूब म्हणजे दिसायला आपली माकूल: साडेतीन-चार इंचांचं पोकळ अंग, एक टोक बंद आणि गोल, दुसऱ्या टोकाला झालर. लहानपणी नदीच्या घाटावर आम्ही गळाला कणकेची गोळी लावायचो. हाताला तेल लावून कणीक मळली की आमिष तयार. इथे मात्र थर्मामीटर, डोळ्यांना चष्मा, हातमोजे आणि एक जुना मायक्रोवेव्ह होता. 'यात खाण्याचं काही ठेवू नये' असं त्याच्यावर ठळक लिहिलेलं.

काचेच्या उंच कपात त्यांनी दुधासारखं पांढरं द्रव ओतलं. हे प्लास्टिसॉल. पीव्हीसीची बारीक भुकटी तेलकट मृदूकारकात कालवलेली असते. तापू लागलं की ते आधी गुठळ्या धरतं, खरवसासारखं घट्ट होतं. आता बिघडलं असं वाटत असतानाच, साधारण १७५ अंश सेल्सिअसच्या आसपास, पारदर्शक होऊन मधासारखं ओघळू लागतं. मला आईचा पाक आठवला. फक्त इथे बोटात धरून तार पाहायची सोय नाही. पाक पुढे गेला की प्लास्टिक पिवळं पडतं, मग करपतं, आणि करपलेल्या पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड सुटतो. म्हणून दार उघडं, म्हणून मास्क. पाण्याचा एक थेंब जरी पडला तरी त्याची क्षणात वाफ होते आणि चटका देणारं प्लास्टिक अंगावर उडतं. माझा कोट झटकायला लावला तो एवढ्यासाठी.

मग रंग, चिमूटभर काळी चमकी, बारीक मीठ आणि शेवटी ॲनिसच्या तेलाचे थेंब. गॅरेजभर मुखवासाचा वास पसरला.

खरी कसोटी पुढे. पेन्सिलीपेक्षा जाड, टोकाशी गोल केलेल्या ॲल्युमिनियमच्या कांड्या ओळीनं मांडलेल्या होत्या. कांडीवर तेलाचा पुसट हात फिरवायचा, सरळ बुडवायची, सरळ उचलायची. थंड धातूवर प्लास्टिक लगेच थर धरतं. उरलेला ओघळ टोकाकडे धावतो. तो पडायच्या आत कांडी उलटी केली की थेंब नाकावर पसरतो. जरा निवलं की दुसरी बुडी. त्यांचा हात घड्याळाच्या लंबकासारखा चालला होता.

मी कांडी घेतली आणि फार वेळ बुडवून ठेवली. भिंत बोटभर जाड. दुसरी घाईनं उचलली, तर एका बाजूला पापुद्रा आणि दुसऱ्या बाजूला गाठ. त्यांनी दोन्ही दाबून पाहिल्या आणि मुकाट्यानं एका डब्यात टाकल्या.

"मासा चावतो तो प्लास्टिकला नाही," ते म्हणाले, "आतल्या रिकाम्या जागेला."

ट्यूबच्या आत शिशाचं डोकं असलेला गळ सरकवतात. खाली जाताना आतली हवा बुडबुड्यांनी सुटते आणि ट्यूब घिरट्या घेत तळाशी उतरते. मासा चावला की पोकळ अंग पिशवीसारखं दबतं आणि गळ मोकळा होतो. भिंत जाड असेल तर गळ अडतो. फार पातळ असेल तर पहिल्याच चाव्याला चिंधी. सगळी मेहनत पोकळीभोवती सारखं कातडं चढवण्याची.

निवलेल्या ट्यूब त्यांनी मोजा उतरवावा तशा गुंडाळत काढल्या आणि उघडं टोक चपटं करून ओळीनं बसवलेल्या पात्यांवर दाबलं. झालर तयार.

घरच्या घरी प्लास्टिक शिजवण्याची ही खोड जुनी आहे. अमेरिकेतलं मऊ प्लास्टिकचं गांडूळ निक क्रीम यांनी १९४९ मध्ये ओहायोतल्या ॲक्रनला, आपल्या स्वयंपाकघरात घडवलं. पोकळ ट्यूब पुढे बॉबी गार्लंड यांनी 'गिटझिट' या नावानं रूढ केली.

आमच्या तलावात तिला वेगळंच सोंग मिळालं. १९८८ मध्ये इथे झेब्रा शिंपला सापडला, १९९० मध्ये सेंट क्लेअर नदीत गोबी मासा. दोघेही काळ्या आणि कॅस्पियन समुद्राकडचे. जहाजांचा तोल राखायला भरलेल्या पाण्यातून आले. गोबी शिंपले खातो, तळाशी सरपटतो, आणि स्मॉलमाउथ बास त्याला खातो. तळावरून ओढलेली मातकट ट्यूब बासला थेट गोबीसारखी भासते.

निघताना मी तो डबा पाहिला. माझ्या दोन फसलेल्या ट्यूब, मागच्या हंगामात माशांनी फाडलेल्या हिरव्या, नारिंगी, जांभळ्या, सगळ्यांची मिसळ. हे सगळं पुन्हा वितळवायचं. "रंग कुठला येणार?" मी विचारलं.

"सगळे मिसळले की एकच येतो," ते म्हणाले आणि कपाच्या तळाशी थिजलेला जुना थर दाखवला. मळकट, काळपट तपकिरी. हुबेहूब गोबी.