वाकड्या अक्षरांचा पहारा

नवं ई-मेल खातं उघडताना नाव भरलं, पासवर्ड ठरवला, की एक चौकोन समोर येतो: ‘मी रोबॉट नाही.’ आपण टिचकी मारतो आणि पुढे जातो. पण क्षणभर थांबा. आपण माणूस आहोत, याची खात्री इथे कोण करून घेतंय? एक यंत्रच!

गोष्ट 2000 सालची. याहू ही कंपनी फुकट ई-मेल खाती देत होती आणि त्यावर बॉट, म्हणजे आपोआप फॉर्म भरत सुटणारे प्रोग्रॅम, तुटून पडले होते. खाती उघडायची आणि त्यांतून जाहिरातींचा कचरा लोकांच्या माथी मारायचा, हा त्यांचा धंदा. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात मॅन्युएल ब्लम आणि त्यांचा ग्वाटेमालाहून आलेला तरुण विद्यार्थी लुईस फॉन आन या दुखण्यावर औषध शोधू लागले. औषध असं निघालं: अक्षरं वेडीवाकडी करून दाखवायची आणि ‘वाचा’ म्हणायचं. नाव ठेवलं कॅप्चा.

आता यातली गंमत बघा. पेपर काढणाऱ्यालाच तो पेपर सोडवता येत नव्हता! मग तो तपासायचा कसा? तांदूळ आणि मूगडाळ एकत्र करायला किती वेळ लागतो? आणि निवडायला? तसंच हे. संगणक आधी शब्द निवडतो, मग तो पिळतो, वाकवतो, त्यावर रेघोट्या मारतो. उत्तर त्याच्या खिशात आधीपासून असतं. पिळलेल्या चित्रातून ते परत काढणं मात्र तेव्हा दुसऱ्या संगणकाला जमत नव्हतं. आपले डोळे ते सहज करतात.

खरा चमत्कार पुढे आहे. जगभरात रोज सुमारे 20 कोटी कॅप्चा सोडवले जाऊ लागले. प्रत्येकी दहा सेकंद धरले तरी दिवसाला पाच लाखांहून जास्त तास! आपण माणसांचा एवढा वेळ वाया घालवतोय, याची फॉन आन यांना रुखरुख लागली. त्याच सुमारास जुनी पुस्तकं आणि वर्तमानपत्रं स्कॅन होत होती आणि पुसट, पिवळ्या पानांवरचे असंख्य शब्द संगणकाला लागत नव्हते. 2007 मध्ये त्यांनी या दोन गोष्टींची गाठ मारली. पडद्यावर दोन शब्द येऊ लागले. एकाचं उत्तर यंत्राला ठाऊक, दुसरा थेट जुन्या पानावरून उचललेला. त्यातला कोणता कुठला, ते तुम्हाला कळत नसे. ठाऊक असलेला बरोबर लिहिलात, की तुम्ही माणूस. मग दुसऱ्याबद्दलही तुमच्यावर विश्वास. तोच शब्द आणखी काही जणांना दाखवायचा, उत्तरं जुळली की शब्द पक्का. न्यूयॉर्क टाइम्सचे जुने अंक असे वाचून निघाले, 99 टक्क्यांहून अधिक अचूक! आपल्यापैकी कितीतरी जणांनी कुठेतरी नाव नोंदवताना शंभर वर्षांपूर्वीच्या बातमीतला एखादा शब्द वाचून दिला असेल, आणि आपल्याला पत्ताही नाही.

पण यंत्रंही वाचायला शिकली. गूगलने 2009 मध्ये ही दोन शब्दांची योजना विकत घेतली होती. 2014 मध्ये त्यांच्याच प्रोग्रॅमने सर्वांत अवघड वाकडी अक्षरं 99.8 टक्के अचूक वाचली. कुलूप मोडलं. तेव्हा आला तो टिचकीचा चौकोन. तो टिचकीपेक्षा तिच्या आगेमागे तुम्ही कसे वागता ते पाहतो.

मला मात्र भुरळ पडते ती त्याहून साध्या युक्तीची. फॉर्ममध्ये ‘फॅक्स क्रमांक’ असा एक जादा रकाना ठेवायचा आणि पडद्यावर तो दिसणार नाही अशी व्यवस्था करायची. तुम्हाला-मला तो दिसतच नाही, म्हणून रिकामा राहतो. साधा बॉट पडदा बघत नाही, तो फॉर्ममागची संगणकाची भाषा वाचतो. रकाना दिसला की भरला! मधाचं बोट चाटायला गेला आणि अडकला. जोडीला घड्याळ ठेवा: नाव, पत्ता, फोन सगळं एका सेकंदात भरणारा माणूस कुठे असतो?

तुमच्या वाचनालयाचा किंवा मंडळाचा नोंदणी फॉर्म तुमच्या हातात असेल, तर कॅप्चा लावण्याआधी हा छुपा रकाना लावून पाहा. आणि फॉर्म बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमलाही तो वगळायला सांगा. नाहीतर डोळ्यांनी दिसत नाही असा एखादा वाचक तो प्रामाणिकपणे भरेल आणि बॉट ठरून दारातूनच परत जाईल.