स्पर्धा हीच पटकथा

ब्रूस लीच्या ‘एंटर द ड्रॅगन’ने (१९७३) बेटावरच्या स्पर्धेचा साचा घालून दिला. कॅनन फिल्म्सने तो ‘ब्लडस्पोर्ट’मध्ये (१९८८) अगदी तुटपुंज्या खर्चात, हाँगकाँगमध्ये जाऊन वापरला. चित्रपटाने एकट्या अमेरिकेत १ कोटी १० लाख डॉलरांहून जास्त गल्ला जमवला आणि ज्याँ-क्लोद व्हॅन डॅम हे नाव घरोघरी पोहोचवलं. ही सत्यकथा असल्याच्या दाव्यावर मात्र पत्रकारांनी त्याच वर्षी प्रश्नचिन्ह लावलं.

अशा चित्रपटांत कथेवर फारसा खर्च करावाच लागत नाही. एक आखाडा, देशोदेशीचे लढवय्ये, प्रत्येकाची निराळी शैली. हरेल तो बाहेर. जत्रेतला कुस्त्यांचा फड पाहिलेल्याला यातली रंगत समजवावी लागत नाही. आणि खलनायक तगडा हवाच! ‘ब्लडस्पोर्ट’मधला चाँग ली म्हणजे बोलो युंग, ‘एंटर द ड्रॅगन’मधलाच पहाडी गडी. अंतिम लढतीत तो लपवलेली गोळी चुरडून तिची पूड नायकाच्या डोळ्यांत फेकतो. नायक चाचपडतो, मग थांबतो. डोळ्यांवर पट्टी बांधून गुरूने करून घेतलेला सराव त्याला आठवतो आणि तो नुसत्या चाहुलीवर लढू लागतो. हा क्षण कितीही वेळा पाहिला तरी अंगावर काटा येतो.