चित्र पुन्हा कमावते, चित्रकाराचे काय?

गाजलेल्या कार्टूनपटांचे नवे अवतार तिकीटबारीवर गर्दी खेचत आहेत. पण ही पात्रे ज्यांच्या पेन्सिलीतून प्रथम जन्मली, त्यांच्या पदरात काय पडते? आणि काही पडायला हवे का?

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात, ऑर्लँडो शहराजवळच्या डिस्नेच्या थीम पार्कमध्ये १९८९ साली एक ॲनिमेशन स्टुडिओ सुरू झाला. त्याची रचना मोठी मजेशीर होती. सुटीसाठी आलेली कुटुंबे मोठाल्या काचांमधून आत डोकावून पाहू शकत. आत कलावंत टेबलांवर वाकून, कागदावर कागद ठेवून, एकेक रेघ ओढत बसलेले असत. 'मुलान' (१९९८) आणि 'लिलो अँड स्टिच' (२००२) हे चित्रपट मुख्यतः याच टेबलांवर घडले.

पुढे संगणकावर तयार होणाऱ्या कार्टूनपटांची लाट आली. हातांनी काढलेल्या चित्रांचा जमाना संपला, असा निष्कर्ष काढून कंपनीने २००४ साली हा स्टुडिओ बंद केला. सुमारे अडीचशे माणसांच्या नोकऱ्या गेल्या.

आणि मग २०२० मध्ये 'मुलान' नव्याने आला. २०२५ मध्ये खऱ्या माणसांना घेऊन 'लिलो अँड स्टिच' आला. तो खोडकर निळा स्टिच, ती एकाकी छोटी लिलो, तिला आईच्या मायेने सांभाळणारी मोठी बहीण, सारे पुन्हा पडद्यावर अवतरले. या नव्या चित्रपटाने जगभरात १०० कोटी डॉलरपेक्षा अधिक गल्ला जमवला. मूळ चित्रपटाच्या गल्ल्याच्या तिपटीहून ही रक्कम मोठी आहे.

ज्या चित्रांचा जमाना संपला म्हणून चित्रकारांना घरी पाठवले, त्याच चित्रांच्या जोरावर हा पैसा आला. मग त्यातला एखादा घास त्या चित्रकारांच्या ताटात पडायला नको का?

पेन्सिलीने केलेला अभिनय

ॲनिमेटर म्हणजे सांगितलेले चित्र काढून देणारा कारागीर, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. चित्रपटात दर सेकंदाला २४ चौकटी डोळ्यांसमोरून जातात. हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये बहुधा एक चित्र दोन चौकटींसाठी वापरले जाते. म्हणजे एका पात्राच्या एका मिनिटाच्या हालचालीसाठी ७२० चित्रे लागतात. पडद्यावर दोन पात्रे असली, की त्याच्या दुप्पट!

पण खरी करामत संख्येत नाही. पात्राने कधी पापणी झुकवायची, बोलण्याआधी किती थांबायचे, रागात मान कशी वळवायची, हे ठरवणारा ॲनिमेटरच असतो. 'लायन किंग' (१९९४) मधला कपटी स्कार आठवा. त्याचा आवाज जेरेमी आयर्न्स या नटाचा होता. पण ते आळसावलेले डोळे, तो तुच्छतेने लोंबणारा पंजा, हा अभिनय आंद्रेयास डेजा या ॲनिमेटरच्या देखरेखीखाली कागदावर उतरला. 'ब्यूटी अँड द बीस्ट' (१९९१) मधला श्वापद राजपुत्र रेखाटताना ग्लेन कीन यांनी सिंहाची आयाळ, गव्याचे डोके, रानडुकराचे सुळे, अस्वलाचे धड आणि लांडग्याचे पाय एकत्र केले. इतके करूनही त्या चेहऱ्यात माणसाचे दुःख दिसले पाहिजे, ही खरी परीक्षा होती.

२०१९ मध्ये 'लायन किंग' संगणकाच्या साहाय्याने नव्याने आला. सूर्योदयाचा तो सुरुवातीचा प्रवेश जवळजवळ जशाच्या तसा उचललेला आहे. या चित्रपटाने १६० कोटी डॉलरहून अधिक गल्ला केला. (गल्ला म्हणजे नफा नव्हे. त्यातला मोठा वाटा चित्रपटगृहांना जातो, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तरीही आकडा डोळे दिपवणाराच आहे.)

येथे एक गंमत पाहा. सिंहराजा मुफासाचा धीरगंभीर आवाज १९९४ मध्ये जेम्स अर्ल जोन्स यांचा होता. २०१९ मध्येही त्यांनाच सन्मानाने बोलावले गेले. 'ब्यूटी अँड द बीस्ट' आणि 'अलादिन' पुन्हा बनवताना संगीतकार ॲलन मेंकन यांनाच पुन्हा पाचारण केले. म्हणजे मूळ आवाज हवा होता, मूळ सूरही हवा होता. मूळ हात मात्र नको होता. हाताचे काम कागदावर होऊन चुकलेले होते आणि कागद कंपनीच्या मालकीचा होता.

कायदा काय म्हणतो?

कायद्याच्या दृष्टीने कंपनी चुकलेली नाही. अमेरिकेच्या कायद्यात नोकरीत असताना, नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कलाकृतीचा 'लेखक' मालकच समजला जातो. कलावंताने पगार घेतला, तिथे हिशेब मिटला.

मग नटांना आणि लेखकांना पुन्हा पुन्हा पैसे कसे मिळतात? कारण त्यांनी ते भांडून मिळवले. १९६० साली हॉलिवूडमध्ये लेखक आणि नट दोघेही संपावर गेले. त्या वेळी नटांच्या संघटनेचे अध्यक्ष होते रोनाल्ड रेगन, पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले तेच! चित्रपट दूरदर्शन संचावर पुन्हा दाखवला गेला तर त्याचे वेगळे मानधन मिळावे, हे तत्त्व त्या लढ्यातून पदरात पडले.

ॲनिमेटर त्याआधीच लढले होते. 'स्नो व्हाइट' (१९३७) ने उदंड यश मिळवले, पण ते राबणाऱ्या हातांपर्यंत पोहोचले नाही, ही खदखद डिस्नेच्या स्टुडिओत होती. मे १९४१ मध्ये तिथे मोठा संप झाला. 'स्नो व्हाइट'मधली दुष्ट राणी रंगवणारे आर्ट बॅबिट स्वतः उत्तम पगार घेत होते, तरी अल्प पगाराच्या सहाय्यकांसाठी ते संपात उतरले. युनियनला मान्यता मिळाली, पगार सुधारले, पण कलाकृतीवरचा हक्क काही हाती आला नाही. आजही अमेरिकेतील ॲनिमेटरांची संघटना लेखक आणि नट यांच्या संघटनांपेक्षा वेगळी आहे. जुन्या चित्रपटांच्या पुनर्वापराचे जे पैसे येतात, ते व्यक्तीच्या हाती न पडता सामायिक पेन्शन आणि आरोग्य निधीत जातात.

कार्टूनपटांचे लेखकही याच कचाट्यात सापडतात. १९९२ च्या 'अलादिन'चे एक पटकथाकार टेरी रॉसिओ यांनी २०१८ मध्ये जाहीर नाराजी व्यक्त केली. नव्या 'अलादिन'च्या पहिल्या झलकीत जे शब्द ऐकू येतात ते आपण आणि आपल्या सहलेखकाने लिहिलेले आहेत. त्याबद्दल पैसे तर सोडाच, साधा टी-शर्ट किंवा थीम पार्कचा पाससुद्धा मिळालेला नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

करारातले एक वाक्य मात्र किती मोलाचे ठरते, हे गायिका पेगी ली यांनी दाखवून दिले. 'लेडी अँड द ट्रॅम्प' (१९५५) साठी त्यांनी गाणी लिहिली आणि काही पात्रांना आवाजही दिला. आपल्या संमतीशिवाय लोकांना विकण्यासाठी ध्वनिमुद्रणे काढता येणार नाहीत, असे कलम त्यांनी करारात घालून घेतले होते. तीस-पस्तीस वर्षांनी त्या चित्रपटाच्या व्हिडिओ कॅसेट बाजारात आल्या, तेव्हा त्या कोर्टात गेल्या. १९९१ मध्ये त्यांना सुमारे २३ लाख डॉलरची भरपाई मंजूर झाली. ॲनिमेटरांच्या करारात असे वाक्य नव्हते.

दुसरी बाजूही आहे

कंपन्यांच्या बाजूनेही मुद्दे आहेत आणि ते ऐकून घेतले पाहिजेत. पहिला मुद्दा जोखमीचा. 'लिलो अँड स्टिच'च्याच वर्षी आलेला 'ट्रेझर प्लॅनेट' सपशेल आपटला. त्याचा तोटा कंपनीने सोसला. कोणाही चित्रकाराला पगार परत मागितला नाही. मग नफ्यात तरी वाटा कशाला? हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. पण पगार परत द्यावा लागला नाही, तरी पडत्या काळाची किंमत चित्रकारांनी नोकरी गमावून चुकती केलीच होती.

दुसरा मुद्दा असा, की या कथा मुळात जुन्याच आहेत. अलादिन अरबी कथांमधला, स्नो व्हाइट जर्मन लोककथेतली. हे खरे आहे. पण नवा चित्रपट काढताना कंपनी त्या जुन्या पोथ्यांकडे वळत नाही, आपल्याच कार्टूनपटाकडे वळते. १९९२ च्या 'अलादिन'मधला निळाशार, वाऱ्यासारखा लवचीक जिनी एरिक गोल्डबर्ग यांच्या कुंचल्यातून आला. अल हर्शफेल्ड यांच्या वळणदार रेषेतील व्यंगचित्रांवरून त्यांनी तो घडवला. २०१९ मध्ये विल स्मिथलाही निळेच व्हावे लागले. आणि स्टिच तर कोणत्याच लोककथेत नाही. तो ख्रिस सँडर्स यांच्या डोक्यातून निघालेला आहे.

तिसरा मुद्दा व्यवहाराचा. एका चित्रपटावर शेकडो माणसे राबतात. कोणाला किती देणार? अडचण खरी आहे, पण ती अशक्य नाही. पेन्शन आणि आरोग्य निधीची व्यवस्था तयारच आहे. नव्या आवृत्तीच्या उत्पन्नातला एक ठरावीक लहानसा हिस्सा तिथे जमा झाला, तर ज्या पिढीने ते पात्र घडवले तिच्या म्हातारपणी तो कामी येईल.

हा प्रश्न आपलाही आहे

अमेरिकेतल्या चित्रकारांची चिंता आपण कशाला करायची, असे वाटेल. पण २०१६ चा 'जंगल बुक' आणि २०१९ चा 'लायन किंग' पडद्यावर आणणाऱ्या एमपीसी या कंपनीचा एक मोठा स्टुडिओ बंगळूरमध्ये होता. शेरखानची आणि सिंबाची आयाळ-कातडी जिवंत करण्यात आपल्याकडच्या तरुण हातांचा वाटा होता. 'जंगल बुक'ला दृश्य परिणामांचे ऑस्करही मिळाले. आणि २०२५ च्या सुरुवातीला एमपीसीची मालक असलेली टेक्निकलर कंपनी कोसळली. भारतातील हजारो कर्मचारी एका फटक्यात बेकार झाले. म्हणजे मूळ चित्रपटाच्या चित्रकारांवर जी वेळ आली, तीच नव्या चित्रपटाच्या कारागिरांवरही आली. चित्रपट मात्र कमावतच राहतील. उद्या आणखी एखादी आवृत्ती निघेल, तेव्हा बंगळूरच्या त्या मुलामुलींची कोणाला आठवण होईल?

आपल्याकडचा कायदाही त्यांच्या फारसा कामाचा नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, करारात वेगळे लिहिलेले नसेल, तर नोकरीत केलेल्या कामाचा हक्क मालकाकडे जातो. गीतकार-संगीतकारांची गतही अशीच होती. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल निर्मात्यांच्या बाजूने लागला. मात्र जावेद अख्तर यांच्यासारख्यांनी हा प्रश्न संसदेपर्यंत नेला आणि २०१२ मध्ये कायदा बदलला. चित्रपटातील साहित्य आणि संगीत यांच्या कर्त्यांचा रॉयल्टीचा हक्क आता करारानेही सोडून देता येत नाही. या तरतुदीत चित्रकाराचे नाव नाही. पण जे गीतकाराच्या बाबतीत पस्तीस वर्षांनी शक्य झाले, ते चित्रकाराच्या बाबतीत कधीच होणार नाही, असे कशावरून?

तोवर काय करता येईल? निदान नव्या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत मूळ पात्रांच्या ॲनिमेटरांची नावे ठळकपणे यावीत. त्याला दमडीही लागत नाही. शक्य तिथे मूळ कलावंतालाच बोलवावे. 'हाऊ टू ट्रेन युअर ड्रॅगन' (२०१०) चे एक दिग्दर्शक डीन डीब्लॉइस यांनीच २०२५ मधला त्याचा नवा अवतार दिग्दर्शित केला आणि तोही उत्तम चालला. त्यानंतर निधीचा विचार व्हावा.

आणि ज्यांची मुले-मुली ॲनिमेशनच्या क्लासला जात आहेत, त्या पालकांसाठी एक सांगणे. पहिल्या नोकरीचा आनंद मोठा असतो, पण सहीपूर्वी करार शांतपणे वाचायला लावा. नाव कुठे येणार, नोकरीबाहेर स्वतःसाठी काढलेली चित्रे कोणाची राहणार, पुनर्वापर झाला तर काय, हे तीन प्रश्न विचारायला लाजू नका. सगळ्या अटी मान्य होतीलच असे नाही. पण न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर नेहमी एकच असते, आणि ते चित्रकाराच्या बाजूचे नसते.